द्राक्षपट्ट्यात पाहुण्यांना चूल मिळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या वाईन पर्यटनावर आपल्याकडे गेले काही दिवस वाचकांची पत्रं येत आहेत. काहींना द्राक्षाच्या गावांची दारूची पेठ झाली म्हणून वाईट वाटतं, तर काहींचं म्हणणं वाईनमुळेच शेतकरी तगला. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही हीच दोन टोकं होती. दोन्हीकडच्या पत्रांत बाटली आहे. पण त्या भागात चार दिवस मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्या घराला तिथे काय हवं असतं, हे कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. आम्ही नुकतेच जाऊन आलो, म्हणून लिहिते आहे.

मी कल्याणला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४८. पाच वर्षांपासून धावते आणि या जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावणार आहे. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सरावातली सगळ्यात मोठी धाव असते, मग अंतर कमी करत जायचं. माझी ती ३२ किलोमीटरची धाव नेमकी नाताळच्या सुट्टीत येत होती आणि त्याच सुट्टीत घरच्यांना कुठेतरी जायचं होतं. गेली दोन वर्षं 'आईचं धावणं' या एका कारणाने आमच्या सहली मोडल्या आहेत. यंदा मुलीने स्पष्ट सांगितलं, की तू जिथे धावू शकशील तिथेच सगळे जाऊ, पण जाऊच.

नाशिक ठरलं ते सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर निफाड तालुक्यातलं. लहानपणी घरची दोन एकर द्राक्षं होती, पुढे जमीन विकली गेली. त्यांना पुन्हा एकदा द्राक्षाच्या मांडवाखाली बसायचं होतं. धाकट्या जाऊबाईंना आणि भाऊजींना वाईनरी बघायची होती. आणि आम्हा सगळ्यांना मिळून स्वयंपाक करायचा होता. हे शेवटचं ऐकून माझ्या शाळेतल्या मैत्रिणी चिडल्या. सुट्टीतही बायकांनी चुलीपुढेच बसायचं का, असं त्यांनी विचारलं, आणि ते बरोबरच विचारलं. म्हणून आम्ही निघायच्या आधीच वार लावले. प्रत्येक जेवण दोघांकडे, आणि एका जोडीत एकाच पिढीची दोन माणसं नाहीत. दोन्ही पुरुषांना दोन-दोन जेवणं, आणि माझ्या मोठ्या धावेच्या आदल्या रात्री व त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

आता अडचण ऐका. पहिल्यांदा आम्ही एका नावाजलेल्या रिसॉर्टमध्ये तीन खोल्या घेतल्या. आगाऊ रक्कम भरली. मग फोन करून विचारलं, की एखादी शेगडी, स्वयंपाकाचा कोपरा मिळेल का, पैसे वेगळे देऊ. उत्तर आलं, बाहेरचा शिधासुद्धा आत आणता येणार नाही. न्याहारी साडेआठला सुरू होणार. मी म्हटलं, मला पहाटे पाचला दोन केळी आणि कपभर चहा लागतो, निदान तेवढं. तर म्हणे त्या वेळी किचन बंद असतं. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांची जेवणाची वेळ पाळावी लागते, तेही सांगून पाहिलं. शेवटी आम्ही आरक्षण रद्द केलं आणि भरलेले पैसे गेले. त्यानंतर आणखी पाच ठिकाणी विचारलं. टेस्टिंगची, म्हणजे वाईन चाखायची वेळ, तरणतलाव, रात्रीचं संगीत याची माहिती सगळ्यांकडे तयार होती. चूल कुणाकडेही नव्हती.

शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे सोय झाली. सहा एकरांची बाग, त्यातली दोन एकर वाईनच्या द्राक्षांची, कंपनीशी करार केलेली. घरामागे दोन खोल्या, पत्र्याची पडवी, पडवीत मातीची चूल आणि शेजारी गॅसची शेगडी. मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, चूल तुमची, फक्त सरपण भिजू देऊ नका." एवढं एक वाक्य ऐकून आम्ही आठ माणसं तिथे घरच्यासारखी झालो.

सरपण म्हणजे द्राक्षाच्या काड्या. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. पीक मात्र एकच. छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधून पडवीच्या भिंतीला लावलेल्या होत्या. ही काडी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते. भाजीला फोडणी द्यायला उत्तम, पण भाकरीला सलग आच लागते. भाऊजींचा वार दुसऱ्या दिवशी होता. त्यांनी जन्मात भाकरी थापलेली नव्हती. सासूबाई खुर्ची घेऊन चुलीशेजारी बसल्या आणि हात न लावता नुसत्या सांगत राहिल्या. पीठ मळताना तळहाताने पुढे रेटायचं, पाणी कोमट घ्यायचं, परातीत थापताना भाकरी आपली आपण फिरली पाहिजे. पहिल्या तीन चिरल्या. चौथी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, उलटली, मग काड्या बाजूला सारून खाली बाभळीच्या लाकडाचे निखारे ओढले आणि भाकरी निखाऱ्याशी उभी धरली. ती फुगली. पापुद्रा सुटून वाफ बाहेर आली तेव्हा सासूबाई भाऊजींच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला आईने स्वयंपाक शिकवताना मी आमच्या घरात याआधी पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आंबट मण्यांची. खायच्या द्राक्षांच्या घडात मणी दाटीने असतात, ते विरळ करावे लागतात, नाहीतर मणी फुगत नाही. काढलेले हिरवे मणी बांधावर पडलेले असतात. जाऊबाईंनी ओंजळभर उचलले, तसे मालक धावत आले. "त्यावर फवारणी झालीय, तोंडात घालू नका." मग त्यांनी घरामागच्या एका जुन्या वेलाकडे नेलं, जो घरच्या खाण्यासाठी बिनफवारणीचा ठेवलाय. त्याचे कच्चे मणी काढून दिले. सासूबाईंनी ते ठेचून, कापडातून पिळून, तुरीच्या आमटीत चिंचेच्या जागी घातले. काळ्या मसाल्याची आमटी आणि तो कोवळा आंबटपणा. चिंचेसारखा तो घशाशी रेंगाळत नाही, जिभेच्या कडेला झटकन लागतो आणि जातो. त्यांच्या माहेरी पूर्वी असं करायचे म्हणे. आम्ही लग्नाला बावीस वर्षं झाली तरी हे कधी ऐकलं नव्हतं, कारण कल्याणच्या स्वयंपाकघरात कच्ची द्राक्षं कधी आलीच नाहीत.

रिसॉर्टच्या बुफेत हे घडलं असतं का, एवढाच माझा प्रश्न आहे. आमच्या बारा वर्षांच्या मुलाला आज माहीत आहे, की वाईनचं द्राक्ष लहान असतं, सालीला जाड, आत बिया, आणि पिकल्यावर खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी गोड. त्याने मालकांच्या ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायच्या यंत्रातून स्वतः पाहिलं. रेड वाईनचा रंग सालीतून येतो म्हणून रस सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी आधी रस काढून साली बाजूला करतात, हे वाईनरीत सांगितलंच. पण फवारणी किती दिवस आधी थांबवावी लागते, मजुरी कुणाला किती वेळ थांबून मिळते, अवकाळीत मणी तडकला तर कुणाचं काय जातं, हे सगळं चुलीपाशी कांदा चिरताना कळलं. मालक सांगत होते, खायच्या द्राक्षाला राबणूक फार, बाजारात भाव मिळेल तो घ्यायचा. वाईनच्या द्राक्षाला कमी कष्ट, भाव आधी ठरलेला, पण कंपनीने माल उचलायला उशीर केला की वेलावर घड वाळतात. दोन्हीत जोखीम आहे, म्हणून ते दोन्ही लावतात. संस्कृती बुडाली किंवा शेतकरी तरला, असं एका वाक्यात लिहिणाऱ्यांनी एकदा त्या पडवीत बसावं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या धावण्याबद्दलही लिहिते, कारण तिथे माझी जेवणाची चूक झाली आणि ती धावणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल. पहिल्या रात्री वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर शेंगदाण्याचं तेल. जेवण अप्रतिम होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे १२ किलोमीटरला निघाले आणि पाचव्या किलोमीटरला पोटात मुरडा आला. बाजरीत चोथा भरपूर, वर तिखट, आणि जेवायला उशीर. लांब धावेच्या आदल्या रात्री पोटाला हलकं आणि पटकन साखर देणारं अन्न हवं, म्हणजे भात. भाकरी धावून आल्यावर. म्हणून ३२ किलोमीटरच्या आदल्या संध्याकाळी साडेसहालाच मुलगी आणि आमचे हे यांनी मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी केली, इंद्रायणी तांदळाची, वर साजूक तूप. तिखट नाही, चोथा नाही. त्या दोघांनीच रात्री छोटे बटाटे उकडून, मीठ लावून डब्यात भरले. वाईनरीत त्या दिवशी सगळ्यांनी चव घेतली, मी घेतली नाही. दारूने अंगातलं पाणी कमी होतं आणि झोपही नीट लागत नाही, ते मला परवडणारं नव्हतं. तिथल्या मुलाने मला न मागता साधा द्राक्षरस आणून दिला. त्याचं मला फार बरं वाटलं.

पहाटे साडेपाचला निघाले तेव्हा अंधार होता आणि हात गारठून बोटं मिटत नव्हती. थोडं पुढे गेल्यावर बागांच्या ओळींमधून धूर दिसायला लागला. पारा फार उतरला की मणी फुगायचा थांबतो, तडकतो, म्हणून शेतकरी रात्रीतून उठून शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. एका बांधावर घोंगडी पांघरून एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, "कोण मागं लागलंय का?" मी म्हटलं, "नाही आजोबा, सराव करतेय." "मग पळ. आमच्या तालुक्याच्या पोरी पळतात." ते खरंच आहे. दिंडोरी तालुक्याचीच मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. याच जिल्ह्यात सावरपाडा आहे, जिथल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवलं. या मातीत धावणं नवीन नाही. फक्त पर्यटनाच्या जाहिरातीत ते कुठे नाही.

उजाडता उजाडता पिकअप गाड्या यायला लागल्या. पेठ, सुरगाणा तालुक्यांकडून आलेल्या मजूर बायका, डोक्याला रुमाल, कुणाच्या मांडीवर मूल. गाडीतून त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. पुढे एका बागेत ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर चालू होता, तिथे ओढणी नाकाला लावून रस्ता बदलला. भाऊजी मालकांच्या स्कूटरवर दर पाच किलोमीटरला भेटत होते. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, दोन बटाटे, चार बेदाणे. २६ व्या किलोमीटरनंतर पाय जड झाले, पश्चिमेकडे रामशेजचा किल्ला दिसत होता तो दिसेनासा झाला असं वाटलं, पण थांबले नाही. तीन तास पन्नास मिनिटांनी परत आले तेव्हा पडवीत पिठलं रटरटत होतं आणि सासूबाई स्वतः भाकऱ्या थापत होत्या. त्यांचा वार नव्हता. वार मोडला म्हणून मुलाने तक्रार केली, तर म्हणाल्या, "आजचा वार माझ्या सुनेचा आहे."

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती मागणी. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सगळं कागदावर चांगलं आहे. पण या भागात जी पाहुण्यांची घरं उभी राहत आहेत, तिथे शंभर खोल्यांमागे दोन तरी खोल्यांना चूल, ओटा, भांडी द्या. पाहुण्याने शिधा गावातल्या दुकानातून घ्यावा, भाजी शेतावरून घ्यावी, शिकवायला गावातली एखादी बाई असेल तर तिला तिच्या वेळेचे पैसे द्यावेत. आम्ही चार दिवसांत भाजी, तांदूळ, दूध, गूळ, कोंबडी यावर जे खर्च केले ते सगळेच्या सगळे त्या दोन गावांत राहिले. आमच्या मालकीणबाईंनी शिकवायचे पैसे घ्यायला नकार दिला, आम्ही दिले, कारण शिकवण्याचे पैसे घेते ती मीही शिक्षिकाच आहे.

दुसरी मागणी रस्त्याची. शनिवारी संध्याकाळी मी आणि मुलगा हळूहळू पाच किलोमीटर पळायला निघालो होतो. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपासून कॅनॉलच्या पुलापर्यंत रस्ता अरुंद आहे, एका अंगाला चारी, दुसऱ्या अंगाला बागेचं तारेचं कुंपण, आणि साइडपट्टी अजिबात नाही. मागून एक मोठी गाडी आली. हॉर्नही नाही, वेगही कमी केला नाही. मी मुलाला ओढून चारीत उतरले. चारीत पाणी नव्हतं, पण बाटलीच्या काचा होत्या. त्याच्या बुटाच्या तळव्यात एक काच घुसली, पायापर्यंत पोचली नाही. गाडी चालवणारा प्यायलेला होता असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण आमच्या मागून त्याच वाटेने बागेतून सुटलेल्या मजूर बायका येत होत्या, त्यांच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या आणि त्यांनाही रोज तशाच चारीत उतरावं लागतं. मुलाने आणि मी परत येताना मिळतील तेवढ्या काचा पिशवीत गोळा केल्या. पिशवी जड झाली.

वाईनरीला जाणाऱ्या गाड्या वाढणार, ते वाईट नाही. वाईट आहे ते रस्ता गाडीचाच धरून चालणं. ज्या कंपन्या, जी रिसॉर्टं या रस्त्यांवर पाहुणे आणतात, त्यांनी ग्रामपंचायतीच्या सोबतीने दोन्ही अंगांना निदान मीटरभर मुरमाची साइडपट्टी करावी आणि टेस्टिंगनंतर स्वतःची गाडी हाकण्याऐवजी पाहुण्यांना सोडायला वाहन द्यावं. काही ठिकाणी असं वाहन असेलही, आम्हाला तरी कुणी विचारलं नाही.

निघताना मालकीणबाईंनी सासूबाईंना नागलीच्या पिठाची पिशवी दिली आणि मला बेदाणे. एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत परत या म्हणाल्या. मुलाने काड्यांच्या मोळ्या बांधायला येतो असं कबूल केलं आहे आणि भाऊजींनी भाकऱ्या. आम्ही जाणार आहोत. तोवर निदान पाण्याच्या टाकीपासून कॅनॉलच्या पुलापर्यंत मुरूम पडलेला असावा. अंतर मी धावताना घड्याळावर मोजलं आहे, ६०० मीटर.

आपली,
एक शिक्षिका, कल्याण (पश्चिम)